नव्या कामावर मधुमेही

सौंसर तालुक्यातील रामाकोना हे गाव कापसाच्या आणि संत्र्यांच्या मुलखातले. येथील तरुणाला शेतीबाहेरचे काम हवे असेल, तर तालुक्यातच बोरगावचे औद्योगिक क्षेत्र आहे. अशा ठिकाणी शिकाऊ उमेदवार म्हणून रुजू होणाऱ्या मुलाला मधुमेह असेल, तर पहिल्या दिवशी त्याच्या मनात एकच विचार घोळत असतो : हे कोणाला कळता कामा नये. हा विचार स्वाभाविक आहे. परंतु तो घातकही आहे.

एके काळी लहान वयातील मधुमेह म्हणजे मृत्यूच होता. ११ जानेवारी १९२२ रोजी टोरंटो येथे १४ वर्षांच्या लिओनार्ड थॉम्प्सनला इन्सुलिन टोचण्यात आले. तो प्रयत्न फसला. बारा दिवसांनी अधिक शुद्ध केलेल्या औषधाने मात्र गुण आला. तेव्हापासून असे रुग्ण जगू लागले, आणि इतरांप्रमाणे कामावरही जाऊ लागले.

नव्या कामाबरोबर दिवसाचे वेळापत्रक बदलते. घरी भाकरी ठरल्या वेळी पानात पडे. येथे ती पाळीच्या सुट्टीपर्यंत थांबते. औषध तेवढेच, श्रम मात्र अधिक. इन्सुलिन किंवा साखर उतरविणाऱ्या काही गोळ्या घेणाऱ्याच्या रक्तातील साखर अशा वेळी ७० मिलिग्रॅमच्या खाली जाऊ शकते. हात कापतात, घाम सुटतो, बोलणे अडखळते. शेजारच्या कामगाराला वाटते, गडी पिऊन आला! समोर चालू यंत्र असेल, तर या गैरसमजाची किंमत फार मोठी असते.

म्हणून रुजू होण्यापूर्वीच डॉक्टरांना पाळीच्या वेळा सांगून औषधाचे प्रमाण ठरवून घ्यावे. रात्रपाळी असल्यास हे अधिकच अगत्याचे. स्वतःच्या मनाने इन्सुलिन बंद करू नये. खिशात साखरेची पुडी असावी. त्रास जाणवताच यंत्रापासून दूर व्हावे, तीन-चार चहाचे चमचे साखर पाण्यातून घ्यावी व पंधरा मिनिटांनी पुन्हा तपासावे. बरे वाटल्यावर काही खावे. पेढा येथे उपयोगी नाही. त्यातील स्निग्धांशामुळे साखर सावकाश चढते. रुग्ण बेशुद्ध असेल, तर तोंडात काहीही घालू नये. तत्काळ दवाखान्यात न्यावे.

उन्हाळ्यात इन्सुलिन जपावे लागते. न उघडलेली कुपी २ ते ८ अंशांत ठेवावी. बर्फाला लागू देऊ नये. शीतकपाट नसेल, तेथे ओल्या वाळूत ठेवलेले मातीचे मडके बरेच साहाय्य करते. नवे कडक बूटही रोज काढून पाय पाहावेत. बधिर पायाला फोड आलेला कळत नाही.

राहिला प्रश्न सांगण्याचा. साऱ्या कारखान्यात दवंडी पिटण्याचे कारण नाही. मुकादम आणि शेजारी काम करणारा एक सोबती, एवढ्या दोघांना ठाऊक असले तरी पुरे. त्यांनीही ते ऐकून मुलाला कमी लेखू नये. साखरेची पुडी कोणत्या खिशात आहे, एवढे मात्र विचारून ठेवावे.