गोठ्यांतील परिचारक आणि परिषदेचें दार

रावेर तालुक्यांतील चिनावल हें केळीच्या बागांनीं वेढलेलें गांव. २०२२ सालीं महाराष्ट्रांत लम्पी चर्मरोगाची जी मोठी साथ पसरली, तिची राज्यांतील पहिली नोंद ४ ऑगस्ट रोजीं या गांवीं झाली. श्रावण चालू होता आणि पोळा अवघ्या तीन आठवड्यांवर आला होता. ज्या बैलांच्या शिंगांना रंग व पाठीवर झूल चढावयाची, त्यांच्याच कातडीवर सुपारीएवढ्या गांठी उठूं लागल्या. जनावरास ताप चढे, डोळ्यांतून व नाकांतून पाणी गळे, पाय सुजत, आणि दुभत्या गाईचें दूध पाहतां पाहतां आटे. हा रोग माणसास होत नाहीं. परंतु माशा, डांस व गोचीड यांच्या द्वारें तो एका दावणीवरून दुसऱ्या दावणीवर जातो. केळीच्या पट्ट्यांत ओल व सावली बारमाही. तेथें डांसांना काय तोटा?

साथीवर उपाय एकच होता, आणि तो म्हणजे लस. शेळ्यांच्या देवीवरील लस गाईबैलांना टोंचावयाची असें ठरलें. हें काम सांगण्यास सोपें, परंतु करण्यास तितकेंच जिकिरीचें. लस बर्फांतच ठेवावी लागते, एकदां कुपी कालवली कीं ती थोड्या तासांत संपवावी लागते, आणि प्रत्येक जनावरास सुई नवी घ्यावी लागते. नाहीं तर रोग हटविण्यासाठीं आलेली सुईच रोग पसरवावयाची. महाराष्ट्रांत २०१९ च्या पशुगणनेप्रमाणें गाईबैलांची संख्या सुमारें १ कोटी ३९ लाख होती. कांहीं महिन्यांच्या अवधींत यांपैकीं बहुतेक सर्वांच्या मानेशीं कोणी तरी सुई घेऊन उभा राहिला. हा कोण, याची चौकशी शहरांतील दूध पिणाऱ्या घरांनीं सहसा केलेली नाहीं.

पशुवैद्यकीय महाविद्यालयांतून पदवी घेतलेले डॉक्टर या कामांत होते, विद्यार्थीही होते. परंतु गोठ्यागोठ्यांतून फिरणाऱ्यांत मोठा भरणा होता तो निराळ्याच वर्गाचा. सरकारी भाषेंत त्यास पशुधन पर्यवेक्षक म्हणतात. पूर्वींच्या कागदांत त्याचें नांव ‘स्टॉकमन’ असें होतें. आणि खानदेशांतील खेड्यांत तो सरळ ‘ढोरांचा डॉक्टर’ असतो. मोटारसायकलीच्या मागें बर्फाची पेटी बांधून तो सकाळीं निघतो. कोणाची गाय माजावर आली आहे, तेथें माज ओसरण्यापूर्वीं कृत्रिम रेतन करावयाचें. कोणाच्या गोऱ्ह्याचें खच्चीकरण. कोठें बैलाच्या खांद्याची जखम धुवावयाची. कोठें कानांत बारा आंकडी बिल्ला ठोकावयाचा. साथीच्या काळांत श्रेणी दोनच्या म्हणून ओळखल्या जाणाऱ्या दवाखान्यांचा कारभार अशाच पदविकाधारकांच्या हातीं होता, आणि असे दवाखाने श्रेणी एकच्या दवाखान्यांहून संख्येनें अधिक होते. माणसांच्या रुग्णालयांत परिचारिकेचें जें स्थान, तेंच जनावरांच्या बाबतींत याचें. फरक इतकाच कीं परिचारिकेच्या पाठीशीं डॉक्टर त्याच इमारतींत असतो, आणि याचा डॉक्टर पुष्कळदां वीस मैलांवर असतो.

अशा माणसाविषयीं कायदा काय म्हणतो तें पाहण्यासारखें आहे. भारतीय पशुवैद्यक परिषद कायदा १९८४ सालीं झाला व महाराष्ट्रानें तो १९९७ मध्यें स्वीकारला. त्याच्या तिसाव्या कलमाप्रमाणें नोंदणीकृत पशुवैद्यावांचून कोणासही जनावरांची वैद्यकी करतां येत नाहीं, कीं आरोग्याच्या दाखल्यावर सही करतां येत नाहीं. मग पर्यवेक्षक येतो कोठें? तो येतो याच कलमाच्या परंतुकांत. पर्यवेक्षक, स्टॉकमन किंवा तत्सम पदविका वा प्रमाणपत्र असलेल्या इसमास नोंदणीकृत पशुवैद्याच्या देखरेखीखालीं व निर्देशानुसार ‘किरकोळ पशुवैद्यकीय सेवा’ करण्याची मुभा राज्य सरकार देऊं शकतें. लस टोंचणें, खच्चीकरण, जखमेस पट्टी बांधणें हीं किरकोळ सेवेचीं उदाहरणें म्हणून कायद्यानेंच दिलीं आहेत. बाकीच्यांची यादी राज्यानें करावयाची, आणि महाराष्ट्रानें ती २००९ मध्यें अधिसूचना काढून केली. ‘किरकोळ’ हा शब्द दिल्लीस बसून लिहिणें सोपें आहे. ज्याचा एकुलता एक गोऱ्हा खच्चीकरणाच्या जखमेनें दगावतो, त्या शेतकऱ्यास तो सुचला नसता.

आतां ही यादी लांबवावी कीं आंखडावी, देखरेख म्हणजे प्रत्यक्ष हजेरी कीं दूरध्वनीवरील एक शब्द, याचा विचार करणारीं घरें दोन. एक सरकारचें, दुसरें पशुवैद्यक परिषदेचें. दिल्लीच्या परिषदेंत अकरा सभासद निवडणुकीनें येतात. राज्याच्या परिषदेंत चार. परंतु मतदार कोण आणि उमेदवार कोण? दोन्ही ठिकाणीं नोंदपटावरील पशुवैद्य, आणि तेही आपसांतून. पर्यवेक्षकाचें नांव त्या पटावर नाहीं. म्हणून त्यास मत नाहीं, आणि उभे राहण्याचा तर प्रश्नच उद्भवत नाहीं. ज्याच्या कामाची हद्द ठरवावयाची तो सोडून इतर सर्व त्या सभेस हजर, अशी ही रचना आहे.

या रचनेविरुद्ध तक्रार झाली नाहीं असें नाहीं. नव्या कायद्याखालीं आपला व्यवसाय हिरावला गेला असें म्हणत पदवी नसलेले व्यवसायी सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेले. उदयसिंह दागर यांच्या नांवें ओळखल्या जाणाऱ्या त्या दाव्याचा निकाल २००७ मध्यें त्यांच्या विरुद्ध लागला. कोणत्या व्यवसायास कोणती पात्रता हवी हें ठरविण्याचा अधिकार कायदेमंडळास आहे, हें न्यायालयानें मान्य केलें. पुढें २०२१ सालीं राज्यांतील पदविकाधारकांनीं आंदोलन मांडलें. २००९ ची अधिसूचना मागें घ्यावी ही त्यांची एक ठळक मागणी होती. त्यानंतर वर्षभरानें चिनावलला गांठी दिसल्या, आणि कालचे आंदोलक बर्फाच्या पेट्या घेऊन बाहेर पडले.

पशुवैद्यांची बाजूही ऐकली पाहिजे; ती हलकी नाहीं. मुंबईस परळ येथें १८८६ सालीं पशुवैद्यकीय महाविद्यालय निघालें तेव्हांपासून या व्यवसायानें वैदू व भोंदू यांच्याशीं झगडत आपली प्रतिष्ठा मिळविली आहे. आजची पदवी साडेपांच वर्षांची आहे. पदविका तिच्याहून पुष्कळ लहान. जनावर मुकें, तें कोठें दुखतें हें सांगत नाहीं, निदान हेंच तेथें सर्वांत कठीण काम. अर्धवट ज्ञानानें दिलेलें जंतुनाशक औषध दुधांत उतरतें, आणि वारंवार अपुऱ्या मात्रेंत दिलें तर जंतूच त्याला दाद देईनासे होतात. पदविकाधारकास आज परिषदेंत खुर्ची दिली तर उद्यां तो शस्त्र मागेल, अशी पशुवैद्यांची भीति आहे. त्या भीतीस आधार मुळींच नाहीं असें म्हणणें अप्रामाणिकपणाचें होईल, कारण पदविकाधारकांच्या कांहीं मागण्या खरोखरच स्वतंत्र व्यवसायाकडे झुकणाऱ्या आहेत.

परंतु येथें दोन निराळ्या गोष्टी एकत्र गुंतल्या आहेत. परवाना मागणें निराळें आणि प्रतिनिधित्व मागणें निराळें. माणसांच्या वैद्यकींत हा गुंता या प्रांतानें कधींच सोडविला आहे. परिचारिका, सुइणी व आरोग्य-अभ्यागत यांच्या नोंदणीचा मुंबईचा कायदा १९३५ सालचा; पुढें १९६६ च्या कायद्याखालीं महाराष्ट्र परिचर्या परिषद आली, आणि तींत परिचारिकांनीं निवडून दिलेले सभासद बसतात. म्हणून कोणा परिचारिकेनें शस्त्रक्रियेचा हक्क मागितला काय? उलट, नोंदपट आल्यामुळें खरी परिचारिका कोण व नुसता पांढरा पोषाख कोणाचा, हें लोकांस कळूं लागलें.

जनावरांच्या परिचारिकांनीं हीच वाट चालून दाखविली ती इंग्लंडांत, आणि ती वाट बरीच लांब निघाली. तेथें १९६१ मध्यें त्यांच्या शिक्षणाची योजना सुरू झाली, परंतु ‘नर्स’ हें नांव त्यांस लावतां येईना. तें माणसांच्या परिचारिकांसाठीं राखलेलें होतें. म्हणून ‘प्राणि-शुश्रूषा साहाय्यक’ अशा अर्थाच्या एका ओबडधोबड नांवाखालीं त्यांनीं तेवीस वर्षें काढलीं; १९८४ मध्यें त्या ‘व्हेटरिनरी नर्स’ झाल्या. १९९१ मध्यें कायद्यांत दुरुस्ती होऊन त्यांच्या कामास मान्यता मिळाली. २००२ मध्यें रॉयल कॉलेज ऑफ व्हेटरिनरी सर्जन्स या नियामक संस्थेनें परिचारिकांची स्वतंत्र परिषद नेमली. तिच्या निवडणुकीस परिचारिका उभ्या राहूं लागल्या, जाहीरनामे लिहूं लागल्या, मतें मागूं लागल्या. २०१५ च्या सनदेनें त्यांस कॉलेजाच्या सहसभासदांचा दर्जा दिला. आणि २०१८ मध्यें मुख्य परिषद ४२ सभासदांवरून २४ वर आणली गेली, तेव्हां त्या आंखडलेल्या परिषदेंतही परिचारिकांसाठीं दोन जागा राखल्या गेल्या. ज्या संस्थेस पहिली सनद १८४४ सालीं मिळाली, तिच्या मुख्य सभागृहांत परिचारिकेस हक्काची जागा मिळण्यास पावणेदोनशें वर्षें लागलीं.

या सर्व काळांत तिच्या हातीं शस्त्र आलें काय? निदान करण्याचा अधिकार तेथें अजून पशुवैद्याचाच आहे. परिचारिकेनें करावयाची शस्त्रक्रिया लहानसहान, शरीराच्या पोकळींत न शिरणारी, आणि तीही पशुवैद्याच्या निर्देशानुसार. दर्जाबरोबर तिच्या पदरीं जें आलें तें मुख्यतः उत्तरदायित्व होय. तिच्या हातून गैरवर्तन घडलें तर तिची चौकशी होते व नांव पटावरून खोडलें जाऊं शकतें. हें चित्र सर्वस्वीं उज्ज्वल आहे असेंही नाहीं. इतक्या खटपटीनें मिळविलेल्या या निवडणुकींत बहुसंख्य परिचारिका मत द्यावयास फिरकतच नाहींत. मताचा हक्क मिळणें आणि तो वापरणें यांतील अंतर इंग्लंडासही चुकलेलें नाहीं.

महाराष्ट्रांतील पर्यवेक्षकाची खरी उणीव येथेंच दिसते. त्याच्याकडून चूक झाली तर त्यास जाब कोण विचारणार? सरकारी नोकरींत असेल तर खातें विचारील. परंतु नोकरीबाहेर पदविकेच्या आधारावर खेडोपाडीं फिरणाऱ्यास कोणती परिषद बोलावणार? ज्या पटावर नांवच नाहीं, त्यावरून तें खोडणार कसें? पशुवैद्यांस भोंदूंची जी चीड आहे, तिच्यावरचा उपाय म्हणजे या माणसास बाहेर ठेवणें हा नसून त्यास पटावर घेणें हाच आहे. हिमाचल प्रदेशानें या दृष्टीनें २०१० मध्यें पशुवैद्यकीय साहाय्यकांसाठीं निराळ्या परिषदेचा कायदा केला. निराळी परिषद बरी कीं आहे त्याच परिषदेंत दोन खुर्च्या बऱ्या, यावर मतभेद होतील. निराळ्या घरांत मान अधिक, परंतु यादी ज्या घरांत ठरते तेथें आवाज नाहींच. म्हणून दोन खुर्च्यांचाच पक्ष अधिक सयुक्तिक वाटतो.

अशा जागेसाठीं उद्यां रावेरकडील एखादा पर्यवेक्षक उभा राहिलाच, तर तो मोठमोठीं तत्त्वें सांगणार नाहीं. पालच्या बाजूस सातपुड्याच्या पायथ्याशीं गाय अडली असतां डॉक्टर पोंचेपर्यंत कोणतें औषध देण्याची मुभा आहे, हें स्पष्ट लिहून द्या, असें तो म्हणेल. साथीच्या वेळीं देखरेख म्हणजे काय याची व्याख्या करा, म्हणेल. दर कांहीं वर्षांनीं नवें शिक्षण सक्तीचें करा, असेंही त्यानें म्हणावें. कारण त्यावांचून त्याच्या मागणीस वजन येणार नाहीं. आणि गांवोगांव बचतगटांतून ज्या पशुसखी शेळ्याकोंबड्यांची निगा राखूं लागल्या आहेत, त्यांचें काय करावयाचें, या प्रश्नास त्यास उत्तर द्यावें लागेल. आपल्याला जें दार बंद होतें तें आपल्या मागून येणाऱ्या बायांसाठीं तो उघडें ठेवील कीं लावून घेईल, यावर त्याची परीक्षा होईल.

साथीमुळें बंद झालेले गुरांचे बाजार पुन्हां उघडले, तेव्हां सावद्यासारख्या बाजारास जनावर न्यावयाचें तर लस टोंचल्याची खातरी व आरोग्याचा दाखला हवा होता. लस पर्यवेक्षकानें टोंचलेली, कानांतला बिल्ला त्यानेंच ठोकलेला, आणि महिनाभर त्या दावणीवर येऊन गांठी उठल्या कीं नाहीं हें पाहणाराही तोच. दाखल्यावरील सहीची जागा मात्र कोरी राहते. दोर हातांत धरून शेतकरी नोंदणीकृत डॉक्टरांची वाट पाहतो, आणि त्याच्या शेजारीं पर्यवेक्षकही.