यंत्र तलावात उतरण्यापूर्वी



उन्हाळा तापला, तलावाचा तळ उघडा पडला, की गावात पिवळे यंत्र येते. कोणी त्याला जेसीबी म्हणते, कोणी पोकलेन. ही खरे तर कंपन्यांची नावे. पहिली इंग्लंडातली, दुसरी फ्रान्समधली. आपण ती यंत्रांनाच चिकटवून टाकली. पण दोहोंतला फरक ओळखावा. जेसीबी टायरांवर चालतो. पुढे रुंद बकेट, मागे खणायचा हात. पोकलेन लोखंडी पट्ट्यांवर चालते आणि कमरेवर पुरते गोल फिरते. त्याचे वजन जास्त, तरी ते रुंद पट्ट्यांवर वाटले जाते, म्हणून ओलसर तळात ते टायरवाल्यापेक्षा कमी रुतते. हाताची ताकद मात्र दोघांचीही तेलाच्या दाबाची. इंजिन पंप फिरवते, पंप नळीतून तेल ढकलतो, आणि त्या दाबाने दट्ट्या सरकून हात वाकतो.

आता आपला सोयगाव तालुका पाहा. सरकारदरबारी आपण मराठवाड्यात, पण राहतो अजिंठ्याच्या डोंगराखाली, आणि आपले पाणी जाते तापीकडे. डोंगरावरून ओढे धावत येतात ते माती घेऊनच. तलावात पाणी थांबले की ती माती खाली बसते. म्हणजे गाळ हा कुणाच्या तरी रानाचा वरचा थरच झाला की! 2017 साली राज्य शासनाने ‘गाळमुक्त धरण, गाळयुक्त शिवार’ ही योजना सुरू केली, ती हा थर पुन्हा शेतात जावा म्हणूनच.

पण यंत्राचे भाडे तासावर असते, बरं का. म्हणून आधी थोडे गणित करू. गुरुजींनी हे वर्गातही घालावे. मध्यम पोकलेनच्या बकेटीत सुमारे 35 घनफूट माती मावते. एक ब्रासची ट्रॉली म्हणजे 100 घनफूट; ती तीन बकेटांत भरते. मागेपुढे करणे धरून 3 मिनिटे समजा. ट्रॉलीला भरून, शेतात ओतून परत यायला एकूण 30 मिनिटे लागत असतील, तर यंत्र अखंड चालायला दहा ट्रॉल्या हव्यात. चारच असल्या तर दर अर्ध्या तासात यंत्र 12 मिनिटे काम करील आणि 18 मिनिटे उभे राहील. भाडे चालूच! तेव्हा वाडीतल्या ट्रॅक्टरवाल्यांची बैठक यंत्र येण्याआधी घ्यावी, नंतर नव्हे.

याहून मोठी गोष्ट खोलीची. कुदळीने खणणारा माणूस मुरूम लागला की आपोआप थांबतो, हात दुखतात. यंत्राला काही दुखत नाही. मातीच्या धरणाच्या पोटात चिकट काळ्या मातीचा गाभा असतो, बाहेरून मुरमाचे कवच, आणि गाभ्याखाली कठीण थरापर्यंत नेलेला चर. भिंतीच्या पायथ्याशी ओरबाडले तर या साऱ्याचा आधार जातो. पाझर तलावात पाणी मुरावे हा हेतू खरा. पण पाणी मुरणे वेगळे आणि भिंतीखालून निसटणे वेगळे. म्हणून भिंतीपासून किती अंतर सोडायचे ते अभियंत्याकडून आखून घ्या, तिथे फक्की मारा. गाळ किती खोल आहे हे आधी दोन-चार ठिकाणी कुदळीने खड्डे घेऊन पाहा. मऊ गाळ संपून खडे लागले, की ऑपरेटरला थांबवा. तो बाहेरगावचा असतो. तलाव आपला आहे.

आणखी एक. घाईत जिथे चांगला गाळ तिथेच खणले जाते आणि उभ्या कडांचे खड्डे राहतात. पावसाळ्यात त्यांवर पाणी चढले की वरून सगळे सारखेच दिसते. सवयीने पाण्यात उतरलेली म्हैस तिथे अडकते, पोहायला गेलेले पोर तर वर येतच नाही. यंत्र परत जाण्यापूर्वी त्याच्याकडून कडा मोडून उतार करून घ्यावा. पैसे चुकते करण्याआधी हे काम पाहावे. काम चालू असताना पोरे बघायला जमणारच. पोकलेनचा हात पोचतो त्या वर्तुळाच्या बरेच बाहेर दोर बांधा, आणि वरून विजेची तार जात असेल तर ऑपरेटरला ती पहिल्याच दिवशी दाखवा.