एकाच वजनाचे दोन मल्ल



व्याख्यानमालेच्या चालकांनी मला विषय दिला, ‘कालचे मल्ल आणि आजचे मल्ल’. आधीच सांगून टाकतो, मी पहिलवान नव्हे. जिनिंग-प्रेसिंगच्या कामगारांत माझी उमर गेली. शाळा सातवीत सुटली. पुढे जे काही वाचले ते संघटनेच्या कचेरीतल्या कपाटातले. तेव्हा डावपेचांची बारकाई माझ्याकडून ऐकायला मिळणार नाही. परंतु मल्ल हाही आपल्यासारखाच अंगमेहनतीवर जगणारा माणूस आहे, आणि अंगमेहनत करणाऱ्या माणसाची तुलना कशी करावी व कशी करू नये, याचा थोडाफार विचार मला माझ्या कामात करावा लागलेला आहे.

नागपंचमीला किंवा पोळ्याला दंगल भरली की आखाड्याच्या कडेला एक वाद हटकून रंगतो. म्हातारी मंडळी म्हणतात, “आताच्या पोरांत काय दम आहे? गामा असता तर दोघा-दोघांना बगलेत मारून नेले असते.” तरुण म्हणतात, “गामाला गादीवर उभा करा, सहा मिनिटांत गुणांवर हरेल.” दोन्ही पक्ष तावातावाने बोलतात. निकाल लागत नाही, कारण कुस्तीच होऊ शकत नाही.

हा वाद आपल्याकडेच आहे असे समजू नका. अमेरिकेत मुष्टियुद्धाबद्दल तो शंभर वर्षे चालू आहे. १९६९ साली तिथल्या एका चतुर व्यापाऱ्याने त्याचा निकाल लावायचे ठरवले. रॉकी मार्सियानो हा ४९ लढतींत एकदाही न हरता निवृत्त झालेला जगज्जेता. आणि महंमद अली, ज्याच्यावर तेव्हा खेळण्याची बंदी होती. दोघांना रिंगणात उतरवून लुटुपुटूच्या फेऱ्यांचे चित्रण केले आणि निकाल संगणक देईल असे जाहीर केले. मार्सियानो बिचारा चित्रपट लागण्यापूर्वीच विमान अपघातात गेला. १९७० च्या जानेवारीत चित्रपट झळकला. अमेरिकेतल्या प्रेक्षकांना तेराव्या फेरीत मार्सियानो जिंकलेला दाखवला. युरोपात मात्र अली जिंकतो असा शेवटही दाखवण्यात आला! ज्या गावात जे खपेल ते तिथे विकले. आखाड्याच्या कडेला आपणही तेच करतो, फक्त तिकीट लावत नाही.

आता गामाचेच घ्या. १९१० च्या सप्टेंबरात लंडनमध्ये गामा आणि पोलंडचा झिबिस्को यांची कुस्ती अडीच तासांहून अधिक चालली आणि निकालाविना सुटली. झिबिस्को जमिनीला चिकटून राहिला, तो उलटलाच नाही. १९२८ साली पतियाळ्याला हेच दोघे पुन्हा भिडले, तेव्हा गामाने त्याला एका मिनिटाच्या आत चीत केले. माणसे तीच, जागा निराळी, वय निराळे. निकालात जमीन-अस्मानाचे अंतर! मग एकमेकांना कधी न पाहिलेल्या दोन मल्लांचा निकाल आपण कडेला बसून कसा लावणार?

तर मग तुलना करूच नये काय? माझे म्हणणे तसे नाही. तुलना करावी, पण जिथे वजनकाटा सारखा आहे तिथे करावी. आणि योगायोगाने असा एक जोड आपल्याला सापडतो.

पहिले आपले खाशाबा जाधव. सातारा जिल्ह्यात कऱ्हाडजवळच्या गोळेश्वरचे. १९५२ साली हेलसिंकीच्या ऑलिंपिकमध्ये ५७ किलो वजनगटात त्यांनी कांस्यपदक मिळवले. स्वतंत्र भारताचे ते पहिले वैयक्तिक ऑलिंपिक पदक. दुसरा हरियाणाचा अमन सेहरावत. २०२४ साली पॅरिसला, तोच ५७ किलोचा गट, तेच कांस्यपदक. मध्ये ७२ वर्षे गेली. दोघांच्याही वाटेत जपानी मल्ल आला. खाशाबांना शोहाची इशीईने हरवले, अमनला रेई हिगुचीने. आणि दोन्ही वेळी त्या जपान्यानेच सुवर्णपदक नेले. विधात्याने जोड लावावा तर असा.

आता दोघांत थोर कोण? इथेच मी आपल्याला थांबवतो आणि विचारतो, दोघांच्या पाठीशी कोण उभे होते ते आधी पाहू.

खाशाबा लाल मातीत घडले. १९४८ च्या लंडन ऑलिंपिकला ५२ किलोत ते सहावे आले, तोवर गादीचा त्यांना सराव नव्हता. १९५२ ला जायला पैसे नव्हते. गावोगाव वर्गणी झाली. कोल्हापूरच्या राजाराम कॉलेजचे प्राचार्य खर्डेकर यांनी आपले घर गहाण ठेवून सात हजार रुपये उभे केले. अशा रीतीने मल्ल हेलसिंकीला पोचला. तिथे इशीईशी दीर्घ झुंज देऊन थकलेल्या खाशाबांना लगोलग रशियाच्या मल्लासमोर उभे केले. दोन कुस्त्यांमध्ये अर्ध्या तासाची विश्रांती द्यावी असा नियम होता. पण तो नियम दाखवून भांडायला आपला एकही अधिकारी तिथे हजर नव्हता. खाशाबा ती कुस्ती हरले.

मंडळी, मी कामगारांत वावरलेला माणूस. हा प्रसंग वाचला तेव्हा मला तो कुस्तीचा वाटलाच नाही. कायद्याच्या पुस्तकात जेवणाची सुट्टी लिहिलेली असते, पण ती मागणारा कोणी नसेल तर यंत्र चालूच राहते. नियम छापून भागत नाही, तो बोलून दाखवणारा माणूस लागतो.

आता अमनकडे या. अकराव्या वर्षी आईबाप गेलेला हा मुलगा दिल्लीच्या छत्रसाल स्टेडियममध्ये वाढला. उपांत्य फेरी हरल्यावर त्याचे वजन साडेचार किलोंहून अधिक वाढलेले भरले. सकाळी पुन्हा काट्यावर उभे राहायचे होते. त्या रात्री त्याचे प्रशिक्षक झोपले नाहीत. त्याला पळवले, घाम काढला, पुन्हा पुन्हा तोलले, आणि सकाळी तो ५७ च्या आत होता. दोनच दिवस आधी विनेश फोगाट अंतिम फेरीत पोचूनही केवळ १०० ग्रॅम जास्त भरल्यामुळे बाद झाली होती. तिच्यामागेही माणसे रात्रभर राबलीच होती. म्हणजे आजचा मल्ल सुखात आहे असेही नाही. गामाला शंभर ग्रॅमची चिंता कधी करावी लागली नाही. जुन्यांची परीक्षा दमाची होती. आजच्यांची परीक्षा तीन-तीन मिनिटांच्या दोन फेऱ्यांची, गुणांची आणि काट्याची आहे. परीक्षा बदलली, म्हणून परीक्षार्थी हलका होत नाही.

मातीतल्यांना गादी जमत नाही हेही खरे नाही. १९६२ साली जकार्ताच्या आशियाई स्पर्धेत मारुती माने आणि गणपतराव आंदळकर या मातीतल्याच मल्लांनी प्रत्येकी एक सुवर्ण आणि एक रौप्य आणले. आपल्या शेजारच्या अमरावतीचे हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ तर १९१४ पासूनचे; १९३६ साली त्यांचे पथक बर्लिनला जाऊन देशी खेळ दाखवून आले. ताकद आपल्या मातीत कधीच कमी नव्हती. कमी होते ते पाठबळ. खाशाबांनंतर कुस्तीतले पुढचे ऑलिंपिक पदक यायला २००८ साल उजाडले. छप्पन्न वर्षे! त्या छप्पन्न वर्षांत देशात खाशाबांच्या तोडीचा एकही गडी जन्मला नसेल, हे मला पटत नाही. जन्मले असतील, पण घर गहाण टाकणारा खर्डेकर प्रत्येकाला कुठून मिळणार?

आणि पाठबळ म्हणजे केवळ खुराकाचा पैसा नव्हे. २०२३ साली साक्षी मलिकसारख्या ऑलिंपिक पदकविजेतीला, महासंघाच्या तत्कालीन अध्यक्षांविरुद्धच्या लैंगिक छळाच्या तक्रारींची दखल घ्या एवढे सांगण्यासाठी दिल्लीच्या रस्त्यावर बसावे लागले. पदक गळ्यात असूनही तिच्या वतीने बोलणारे माणूस जागेवर नव्हते. हेलसिंकीचीच गोष्ट ही, निराळ्या रूपात.

खाशाबा पुढे मुंबई पोलिसांत नोकरीला लागले आणि १९८४ साली अपघातात गेले. अर्जुन पुरस्कार त्यांना मिळाला तो मृत्यूनंतर, कितीतरी वर्षांनी. मेलेल्या मल्लाची थोरवी गाणे स्वस्त असते. त्याला खुराक लागत नाही, त्याचा गुडघा दुखत नाही.

म्हणून माझी आपल्याला विनंती एवढीच आहे. यंदाच्या दंगलीत कडेला बसून गामा मोठा की अमन मोठा हा वाद जरूर घाला, त्यात गंमत आहे. पण तो घालताना समोर मातीत उतरलेल्या आपल्या गावच्या पोराकडेही पाहा. त्याचा खांदा निखळला तर दवाखान्याचा खर्च कोण देणार आहे? जिल्ह्याच्या निवड चाचणीला त्याच्याबरोबर नियम वाचलेला कोणी जाणार आहे काय? की आई दागिना मोडणार आणि पोरगा एकटाच एस्टीत बसणार? पंचवीस रुपयांच्या कुस्तीवर टाळ्या वाजवणारे आपण शेकडो असतो. त्यांतल्या पाच जणांनी मिळून एक वही घातली, वर्गणी धरली, दुखापतीचा विमा उतरवला आणि पोराची शाळा सुटणार नाही एवढे पाहिले, तर ते काम होण्यासारखे आहे. सरकारकडे मागायचे ते मागूच. मागण्याची मला सवय आहे. पण मागणारे आधी एकत्र बसावे लागतात, हाही माझा अनुभव आहे.

१९५२ चा मल्ल आणि २०२४ चा मल्ल यांत कोण सरस, हे मला सांगता येणार नाही. इंझोरीचा पोरगा मात्र आजही पुष्कळसा १९५२ मध्येच उभा आहे, हे मला दिसते. त्याला पुढे आणणे आपल्या हातात आहे.