वाऱ्याचा आकडा आणि आपला बांध

(जिल्हा बैठकीत केलेले भाषण)



पाऊस कधी येणार हे आपण सगळेच विचारतो. वाऱ्याचे कुणी विचारत नाही. हवामान खात्याची कृषी सल्ला पत्रिका मंगळवारी आणि शुक्रवारी निघते. पुढच्या पाच दिवसांचा पाऊस आणि तापमान वाचून आपण ती बाजूला ठेवतो. त्याच तक्त्यात वाऱ्याचा वेग आणि दिशा दिलेली असते. आज त्या दोन ओळींबद्दलच बोलतो. त्या न वाचल्याने शेजाऱ्याचे पीक वाया जाते आणि पंप पाठीवर घेतलेल्या आपल्याच माणसाच्या अंगात विष भिनते.

आधी दिशा. ती अंशांत छापतात. पूर्व ९०, दक्षिण १८०, पश्चिम २७०, उत्तर ३६०. २२५ म्हणजे नैऋत्य. हा वारा नैऋत्येकडून येणारा, तिकडे जाणारा नव्हे. हे उलटे वाचले की सगळा घोटाळा. पावसाळ्यात आपल्याकडे वारा बहुतेक पश्चिम-नैऋत्येचाच. समजा तुमच्या ज्वारीच्या ईशान्येला शेजाऱ्याची पऱ्हाटी आहे. ज्वारीतले रुंद पानांचे तण मारायला तुम्ही टू-फोर-डी फवारले, तर ते वाऱ्यावर थेट त्याच्या वावरात जाणार. कपाशीला हे औषध अगदी थोडे लागले तरी पुरते. पाने अरुंद, लांबट होतात, झाड आक्रसते. मग शेजारी बियाण्याला दोष देत बसतो, किंवा बांधावर भांडण होते. (त्याच पंपाने कपाशी फवारली तरी हीच गत. तणनाशकाचा पंप वेगळाच ठेवा.)

आता वेग. छापलेला वेग मोकळ्या जागी जमिनीपासून १० मीटर उंचीवरचा असतो. २ मीटरवर तो साधारण पाऊणपट राहतो, म्हणजे पत्रिकेत १२ किलोमीटर असेल तर आपल्या डोक्याजवळ ९. शिवाय सगळ्या तालुक्याला दिवसाचा एकच आकडा! वारा काय दिवसभर एकसारखा वाहतो? सकाळी मंद असतो, ऊन तापले की दुपारी झोताने येतो, सांजेला पडतो. टेकडीच्या आडोशाचे वावर वेगळे, नाल्याकाठचे वेगळे. म्हणून पत्रिका पाहून दिवस ठरवा, वेळ मात्र बांधावर उभे राहून ठरवा. तोंडाला झुळूक लागते, पाने सळसळतात, एवढा वारा फवारणीला चांगला. बारीक फांद्या सारख्या हलू लागल्या की तणनाशक नको. धूळ उडू लागली की कोणतेच औषध नको.

वारा अगदी पडला की फवारणीला उत्तम, असे पुष्कळांना वाटते. ते खरे नाही. निरभ्र सांजेला चुलीचा धूर वर न जाता आडवा पसरतो, तेव्हा औषधाचे बारीक तुषारही तसेच तरंगत राहतात, कुठेही सरकतात आणि फवारणाऱ्याच्या नाकातोंडात जातात.

२०१७ साली यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेने विसाच्या आसपास शेतकरी-शेतमजूर दगावले. कारणे पुष्कळ होती. जहाल औषधांची मिश्रणे होती, कपाशी दाट आणि उंच वाढली होती, अंगावर संरक्षक कपडे नव्हते. सगळेच काही आपल्या हातात नव्हते. वाऱ्याकडे पाहून चालणे मात्र हातात असते. वारा एका कुशीवर घ्या. ज्या धुऱ्याकडे वारा जातो तिथून सुरुवात करा आणि वारा येतो त्या बाजूला ओळीओळीने सरकत जा. म्हणजे फवारलेल्या ओलीतून पुन्हा जावे लागत नाही. मजुरालाही कामाला लावण्याआधी हे सांगा.

शेवटी इशाऱ्याचे. 'मेघगर्जनेसह ताशी ३० ते ४० किलोमीटर वेगाने वारा' असे जे सांगतात, तो आकडा वेगळा. तो गडगडाटी ढगाखालच्या झोताचा. थोडा वेळ टिकतो, एका गावाला झोडपतो आणि शेजारचे गाव कोरडे राहते. रब्बीची मालदांडी उंच वाढते, कणसाने जड झाली आणि जमीन ओली असली की अशा झोतात आडवी होते. तेव्हा विहिरीचे पाणी द्यायचे असेल तर असा इशारा असलेला दिवस टळू द्या. कापून ठेवलेल्या कडब्याच्या पेंढ्या मात्र त्याच दिवशी रचून बांधून घ्या.