प्रबंधाचा विषय फडावर आहे

जैववैद्यकातील पीएच.डी. म्हटली की पुण्या-मुंबईच्या प्रयोगशाळा आठवतात. विषय मात्र बीडमध्ये आहे. राज्य शासनाच्या समितीने २०१९ साली जिल्ह्यातील ८२,३०९ ऊसतोड स्त्रियांची माहिती घेतली. त्यांपैकी १३,८६१ जणींचे गर्भाशय काढलेले आढळले. अनेकींनी चाळिशीही गाठलेली नव्हती. ही झाली मोजदाद. संशोधन यापुढे सुरू होते. बीजांडकोशही काढले असतील, तर हाडांची झीज लवकर सुरू होते. डोक्यावर उसाच्या मोळ्या वाहणाऱ्या स्त्रीत ती किती वेगाने होते, हे वर्षानुवर्षे तपासूनच कळेल. पण दिवाळीच्या सुमारास कोयता गाव सोडतो, तो उन्हाळ्यातच परततो. तेव्हा अंबाजोगाईच्या ग्रामीण वैद्यकीय महाविद्यालयात तिची वाट पाहत बसण्यापेक्षा संशोधक विद्यार्थ्याने शीतपेटी घेऊन फडावर जावे. आणि तपासणीचा निष्कर्ष प्रबंधाआधी तिला सांगावा.