कात्री जरा जपून

महाराष्ट्राचं राज्यफूल कोणतं, असं विचारलं की पुष्कळ जण क्षणभर अडखळतात. ते आहे ताम्हण, म्हणजेच जारूळ. ऐन उन्हाळ्यात जांभळ्या तुऱ्यांनी डवरणारं. आज मी बोलणार आहे ते त्याच्या धाकट्या भावंडाविषयी. इंग्रजीत याला क्रेप मर्टल म्हणतात, हिंदीत सावनी. आपल्याकडच्या रोपवाटिकेत मात्र ‘लॅजरस्ट्रोमिया द्या’ असंच म्हणावं लागतं. हे अवघड नाव स्वीडनच्या लागरस्ट्रोम नावाच्या व्यापाऱ्याचं. त्यानं आशियातल्या वनस्पती लिनियसला मिळवून दिल्या आणि लिनियसनं १७५९ मध्ये त्याचं नाव या कुळाला देऊन उतराई केली.

नाव परकं वाटलं, तरी गोतावळा आपल्या ओळखीचा आहे. मेंदी, डाळिंब, रानातली धायटी, इतकंच काय, तळ्यातला शिंगाडासुद्धा याच कुटुंबातला. डाळिंबाच्या फुलाची चुरगळलेली पाकळी आठवा. सावनीची पाकळीही तशीच, क्रेपच्या कापडासारखी चुण्याचुण्यांची. सहा पाकळ्या, प्रत्येकीला बारीकसा देठ आणि मधोमध पिवळ्या पुंकेसरांचा झुपका. मधमाश्या इथं येतात त्या मधासाठी नव्हे, परागासाठी. पांढरा, गुलाबी, जांभळा, राणी असे रंग मिळतात. चिनी लोक या झाडाला ‘शंभर दिवसांची लाली’ म्हणतात, ते उगाच नाही.

बंगल्याच्या किंवा सोसायटीच्या लहानशा आवारासाठी हे झाड मला फार सोयीचं वाटतं, ते त्याच्या बेतशीर चणीमुळे. ताम्हण मोठा वृक्ष होतो. त्याला ऐसपैस जागा हवी. सावनी मात्र साधारण दहा-पंधरा फुटांवर समाधान मानते. आपण काय करतो? भिंतीपासून चार हातांवर गुलमोहर लावतो आणि वीस वर्षांनी त्याच्या फांद्या खिडकीत आल्या की करवत शोधतो. झाड लावताना त्याचं म्हातारपण डोळ्यांपुढं आणावं, हे माझं सांगणं आहे.

आता निगराणीचं बोलू. पहिली गरज उन्हाची. दिवसाचे निदान सहा तास थेट ऊन हवं. सावलीत झाड जगतं, पण फुलत नाही आणि पानांवर पिठासारखी भुरी धरते. दुसरी गरज निचऱ्याची. काळी चिकण माती असेल तर खड्ड्यात शेणखत, थोडी वाळू आणि विटांचा चुरा मिसळावा. पहिली दोन वर्षं नियमित पाणी द्यावं. मुळं खोल गेली की झाड पाण्याची ओढ बऱ्यापैकी सोसतं. खताचा हात आखडता ठेवावा. वर्षातून एकदा शेणखत आणि मूठभर निंबोळी पेंड पुरते. युरियाचा मारा केला तर पानोळा माजतो, फुलं रुसतात आणि कोवळ्या शेंड्यांवर मावा येतो. माव्याच्या चिकट स्रावावर मग काळी बुरशी वाढते. अशा वेळी पाण्याचा जोरदार फवारा आणि नंतर निंबोळी अर्क, एवढ्यावर बहुधा काम भागतं.

आणि आता छाटणी. या झाडाचं सगळं सुखदुःख तिच्यात आहे. सावनीला फुलं येतात ती त्याच वर्षी फुटलेल्या नव्या फांदीच्या टोकाला. थंडीत पानं झडतात, तेव्हा, म्हणजे जानेवारी-फेब्रुवारीत, छाटणी करावी. वाळलेल्या, एकमेकींवर घासणाऱ्या, आत वळलेल्या काड्या काढाव्यात. बुडाशी फुटलेले धुमारे काढून तीन-चार चांगली खोडं ठेवावीत. बस्स. नवी फूट आली की त्या टोकांना हात लावू नये. पहिला बहर सरल्यावर सुकलेले तुरे खुडले, तर दुसरा बहर येतो.

आमच्या सोसायटीत नेमकं उलटं चाललं होतं. आवारातल्या एकुलत्या एका सावनीला आठ वर्षं फूल नव्हतं. ‘वांझोटं झाड आहे, काढून टाका, चार स्कूटर लागतील,’ असा ठराव बैठकीपुढं आला. झाड लावलं होतं दुसऱ्या मजल्यावरच्या आजींच्या यजमानांनी. ते गेले. आजींना जिना उतरवत नाही. त्या बैठकीला येऊ शकल्या नाहीत. त्यांनी मला एवढंच विचारायला सांगितलं, की झाडाचा गुन्हा काय?

मी माळीबुवांना गाठलं. ते भले गृहस्थ. म्हणाले, ‘बाई, कुंपणाच्या मेंदीबरोबर हेही दर दीड महिन्यानं सारखं करतो. मुकादम सांगतो, सगळं एका उंचीत दिसलं पाहिजे.’ गुन्हा सापडला. कळी धरू पाहणारं प्रत्येक टोक कात्रीखाली जात होतं. मी समितीकडं एका वर्षाची मुदत मागितली. शहरात झाड तोडायला १९७५ च्या कायद्यानुसार वृक्ष अधिकाऱ्याची परवानगी लागते, ही आठवणही करून दिली. मुदत मिळाली. फेब्रुवारीत हलकी छाटणी झाली, मग कात्री बंद. जूनमध्ये फिक्या गुलाबी रंगाचे अकरा तुरे आले. आजींनी खिडकीतून मोजून आकडा मला कळवला. ठराव बारगळला.

हा रोग आपलाच आहे असं नाही. अमेरिकेच्या दक्षिण भागात ही झाडं घरोघरी आहेत. तिथंही दर हिवाळ्यात त्यांचे शेंडे छाटून बुंधे उभे ठेवतात. जाणकार त्या प्रकाराला सरळ ‘खून’ म्हणतात. कारण अशा बुंध्यावर दरवर्षी गाठी वाढतात, त्यातून लेच्यापेच्या काड्या फुटतात आणि पावसानं भिजलेल्या तुऱ्यांच्या ओझ्यानं वाकतात. शिवाय खोडाची शोभा जाते ती निराळीच. वय झालेल्या सावनीची साल पापुद्रे टाकते आणि आतून गुळगुळीत, पिंगट-राखाडी अंग दिसतं. जपानीत तिचं नाव ‘माकड घसरतं ते झाड’ अशा अर्थाचं आहे. पानझडीत फुलं नसतानाही बघत राहावं, असं ते खोड असतं.

नीटनेटकेपणाची आपली कल्पना बऱ्याचदा झाडाला महाग पडते. सगळी एका उंचीची, एका आकाराची हवीत, हा हट्ट कुंपणापुरता ठीक आहे. फुलझाडाच्या बाबतीत आधी विचारावं, याचं फूल येतं कुठं आणि कधी? मोगरा, जास्वंद, बोगनवेल, सावनी, प्रत्येकाचं उत्तर वेगळं आहे. ते ठाऊक असलेला माळी मिळाला तर त्याला धरून ठेवा आणि नसेल ठाऊक, तर चहा देऊन सांगा. या रविवारी अंगणातलं एखादं झाड फुलत नाही म्हणून कात्री हाती घ्याल, तेव्हा आधी त्याच्या डोक्यावर ऊन किती वेळ टिकतं, ते घड्याळ लावून बघा. कात्रीचं काम मग बहुधा उरत नाही.