झाडांची डिग्री आणि हजेरीचा हिशोब

(वस्तीतल्या अभ्यासिकेत बारावी झालेल्या पोरापोरींसमोर केलेलं भाषण)



मी गोदीत गोण्या उचलतो आणि रात्री कविता लिहितो. शिक्षण मॅट्रिक. मॅट्रिकवाल्यानं डिग्रीवर बोलावं याचं कुणाला हसू येईल. हसा. पण डिग्री नसण्याची किंमत मी रोज सकाळी मुकादमाच्या वहीपुढं उभा राहून मोजतो.

माझी धाकटी बहीण यंदा बारावी सायन्स पास झाली. म्हणाली, "दादा, मला दापोलीला फॉरेस्ट्री करायचीय." बीएस्सी वनशास्त्र, चार वर्षं. बाप म्हणाला, "झाडं लावायला डिगरी कशाला लागती? आपण काय कमी खड्डे खांदले?" आई काहीच बोलली नाही. तिनं डब्यातले पैसे काढून मोजले. मग मी कागद घेतला आणि हिशोब मांडला. तोच तुमच्यापुढं ठेवतो, कारण उद्या हाच प्रश्न तुमच्या घरात येणार आहे.

पहिला खर्च फीचा. कृषी विद्यापीठाच्या सरकारी कॉलेजात आपल्याला मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ती आहे. पण घरचं उत्पन्न वर्षाला अडीच लाखांच्या आत पाहिजे. मी चार जादा पाळ्या केल्या, आईनं आणखी एक घर धरलं, की आम्ही साला श्रीमंत! मग फी माफ होते, पण निर्वाह भत्ता जातो. आणि भत्ता मंजूर झाला तरी तो येईल तेव्हा येईल. मेसवाला मात्र एक तारखेला दारात.

दुसरा खर्च कुणी पुढारी भाषणात सांगत नाही. चार वर्षांची बुडालेली कमाई. वनरक्षकाच्या भरतीला बारावी पुरते. पोरींना 25 मिनिटांत 3 किलोमीटर पळावं लागतं. माझी बहीण पाण्याच्या टँकरमागं याहून जास्त पळालीय. लागली तर मूळ पगार 21,700, भत्ते वेगळे. 48 महिन्यांचे झाले 10,41,600. ही त्या डिग्रीची खरी फी. ती कुठल्याच माहितीपुस्तकात छापत नाहीत.

आता जमेची बाजू. लोकसेवा आयोगाची परीक्षा काढून सहायक वनसंरक्षक झाली तर मूळ पगार 56,100 पासून सुरू. वनरक्षकापेक्षा महिन्याला 34,400 जास्त. म्हणजे बुडालेले दहा लाख अडीच वर्षांत भरून निघतात. कागदावर सोपं आहे. पण जागा थोड्या. शिवाय त्या परीक्षेला वनस्पतीशास्त्रवाले बसतात, शेतकीवाले बसतात, इंजिनियरही बसतात. वनशास्त्र केलं म्हणून दार आपोआप उघडत नाही. नाही जमलं, तर रोपवाटिका नाहीतर एखाद्या प्रकल्पावर कंत्राटी काम. ती माझ्यासारखीच हजेरी, फक्त कागद इंग्रजीत.

इथवर हिशोब बापाच्या बाजूनं गेला. मी कागद घडी करणार होतो. तेवढ्यात बापच आज्ज्याचं बोलायला लागला.

मराठवाड्यात आमचा आज्जा गायरानाच्या चार एकरांत ज्वारी पेरायचा. दगड वेचून वेचून त्यानं ती जमीन केली होती. 1994 साली एक साहेब नकाशा घेऊन आला. चर खणला, उभ्या पिकात रोपं लावली. म्हणाला, वनीकरण आहे. खड्डे खणायला मजूर कोण? आज्जाच. स्वतःच्या रानात रोजंदारीवर! आणि शासनाचा निर्णय 1991 सालीच निघाला होता, की 14 एप्रिल 1990 पर्यंतची मागासवर्गीयांची गायरानावरची अतिक्रमणं नियमित करा. तीन वर्षं तो कागद होता. आम्हाला वाचून दाखवणारं कुणी नव्हतं. साहेबाला मात्र नकाशा वाचता येत होता. बाप मुंबईला आला तो त्या नकाशामुळं.

मित्रांनो, पाणी ही निसर्गाची संपत्ती. 20 मार्च 1927 ला महाडला बाबासाहेब चवदार तळ्याचं पाणी प्यायले, तोवर त्या संपत्तीची राखण म्हणजे आपण हात लावायचा नाही एवढाच अर्थ होता. जंगल, गायरान, तळं कुणासाठी राखायचं हे नकाशा हातात असणारा ठरवतो. तिथं आपलं माणूस पाहिजे. आणि आज्ज्याची ज्वारी विसरणारा साहेब झाला, तर तोही आपल्या कामाचा नाही.

तेव्हा बहीण जाणार. अटी तीन. सरकारी कॉलेज मिळालं तरच. खाजगीत कर्ज काढून नाही. वनरक्षकाची भरती निघाली की अर्ज भरायचाच, लागली तर नोकरीचा विचार पुन्हा करू. आणि सुट्टीत गावी जाऊन गायरानाचे सातबारे काढायचे. पोटाचा हिशोब सोडून क्रांती होत नाही, हे मला गोदीनं शिकवलंय.

बापानं शेवटी एवढंच विचारलं, "नकाशा वाचायला किती वर्सं लागतात?"

चार, बाबा. आपण तीस वर्षं थांबलोय.

जयभीम.